'खूप मजा आली'च्या आधी काय घडलं?

प्रश्न चौथीच्या एका शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: "वर्गात ३८ मुलं. 'माझ्या जीवनातील अविस्मरणीय प्रसंग' हा विषय दिला की ३८ वह्यांत एकच निबंध येतो. सकाळी लवकर उठलो, आवरलं, निघालो, खूप मजा आली, तो दिवस मी कधीच विसरणार नाही. हीच मुलं तोंडी सांगायला लागली की ऐकत राहावंसं वाटतं. लिहिताना ते सगळं जातं कुठे? चुका किती तपासायच्या? पालकांना काय सांगायचं? आणि एक मुलगा वही कोरीच देतो, त्याचं काय करू?"

मी २२ वर्षं पहिली ते पाचवीच्या मुलांना शिकवते आहे. पहिली सहा-सात वर्षं माझ्याही टेबलावर असे जुळे निबंध यायचे. त्या काळात मी मुलांना 'सविस्तर लिहा' असं सांगायचे. मुलं आज्ञाधारक असतात. ती सविस्तर लिहायची, म्हणजे उठण्याच्या आधी गजर झाल्याचंही लिहायची.

विषयापासून सुरुवात करते, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो. 'अविस्मरणीय' हा शब्द ऐकला की नऊ वर्षांचं मूल डोक्यात काहीतरी भव्य शोधायला लागतं. त्याच्याकडे तसं काही नसतं. मग ते दुसऱ्याचं उसनं आणतं: गाईडमधलं, मागच्या वर्षीच्या ताईच्या वहीतलं. काही विषय तर मुलाला सरळ खोटं बोलायला लावतात. 'सुट्टीतील सहल' हा विषय मी एकदा दिला. एका मुलाने समुद्रावर सुरेख निबंध लिहिला, लाटा, वाळूचे किल्ले, सूर्यास्त, सगळं होतं. मी तो वर्गात वाचून दाखवला. मधल्या सुट्टीत तो हळूच येऊन म्हणाला, "बाई, मी समुद्र बघितलेलाच नाही. पण तुम्ही सहल लिहायला सांगितली होती ना." मी ज्याला शाबासकी दिली तो निबंध एका अर्थी माझाच होता. 'माझा वाढदिवस', 'माझे बाबा' हे विषयही तसेच. ज्या घरात वाढदिवस होत नाही किंवा बाबा नाहीत, त्या घरातलं मूल तो तास कसा काढतं ते एकदा नीट बघा.

म्हणून मी आता असे विषय देते जे प्रत्येक मुलाच्या वाट्याला आलेलेच असतात. हलणारा दात. कुणाची तरी वाट बघणं. अचानक लाइट गेली तेव्हा. माझ्या हातून काहीतरी फुटलं. माझी चूक नसताना बोलणी बसली. मोठी माणसं बोलत होती आणि मी झोपल्याचं सोंग घेतलं होतं. या शेवटच्या विषयावर कोरं पान मला आजवर आलेलं नाही.

पण हेही कायम चालू ठेवायचं नसतं. विषय मुलाने स्वतः निवडायला हवा, तिथवर त्याला न्यायचं असतं. डोनल्ड ग्रेव्हज या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ ते १९८० अशी दोन वर्षं न्यू हॅम्पशरमधल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या शेजारी बसून, ती लिहीत असताना काय काय होतं ते पाहिलं. तोवर बहुतेक अभ्यास लिहून झालेल्या वह्यांवरच व्हायचे. ग्रेव्हज यांनी पुढे आयुष्यभर दोन गोष्टी लावून धरल्या: विषय मुलाचा असू द्या, आणि मुलाला नियमितपणे, आठवड्यातून अनेकदा लिहायला वेळ द्या. दुसरी गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. महिन्यातून एक निबंध लिहिणारं मूल दर वेळी नव्याने पोहायला शिकत असतं. मी आठवड्यात चार दिवस, वीस-वीस मिनिटं लिहायला देते. त्यातलं सगळं तपासत नाही, तसं वचनही देत नाही.

विषय सापडावेत म्हणून एक उपाय फार उपयोगी पडतो. वर्षाच्या सुरुवातीला मुलांना आपल्या घराचा नकाशा काढायला सांगते. प्रमाण वगैरे काही नाही, नुसत्या चौकटी: दार, खिडकी, पायरी, झोपायची जागा, अंगण किंवा जिना. मग म्हणते, जिथे तुमच्या बाबतीत काहीतरी घडलं तिथे फुली मारा. पडलात, रडलात, लपलात, काही सांडलं, कुणाशी भांडलात. सुरुवातीला दोनच फुल्या पडतात. शेजारच्याचा नकाशा बघितला की एकदम दहा-बारा होतात. एक खोली, पाच माणसं आणि फुल्यांनी काळा झालेला नकाशा मी पाहिला आहे. मोठं घर असलेल्या मुलाच्या नकाशापेक्षा त्यात जास्त गोष्टी होत्या. हा नकाशा वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवून ठेवायचा. वर्षभर 'बाई, काय लिहू?' असं कुणी विचारलं की मी फक्त म्हणते, "मागचं पान उघड."

आता तुमचा मुख्य प्रश्न. तोंडी सांगताना असलेलं लिहिताना जातं कुठे?

दोन ठिकाणी जातं. पहिलं कारण अगदी शारीरिक आहे. लिहिणाऱ्या लहान मुलाला एकाच वेळी अक्षराचं वळण, वेलांटी पहिली की दुसरी, जोडाक्षर कसं फोडायचं, रेघ कुठे संपते आणि दुखणारी बोटं हे सगळं सांभाळायचं असतं. आपल्या हातांना हे आपोआप येतं, म्हणून आपण ते विसरलेलो असतो. 'घट्ट' हा शब्द लिहिता लिहिता पुढचं वाक्य डोक्यातून निसटतं. मग मूल आपल्याला लिहिता येणाऱ्या शब्दांच्या आश्रयाला जातं, आणि 'खूप', 'मजा', 'आली' हे तीन शब्द सगळ्यांनाच लिहिता येतात. दुसरं कारण म्हणजे ऐकणारा माणूस नाहीसा होतो. तोंडी सांगताना समोरच्याचे डोळे मोठे होतात, तो 'मग?' म्हणतो, हसतो. कागद काहीच म्हणत नाही. लाल पेन घेऊन बसलेली बाई म्हणते, पण ते उद्या.

तेव्हा आधी बोलणं. जोडीजोडीने, तीन-तीन मिनिटं. सांगणाऱ्याने सांगायचं आणि ऐकणाऱ्याने निदान दोन प्रश्न विचारायचे. 'छान' म्हणायला बंदी, कारण 'छान' म्हटलं की बोलणं संपतं. मी वर्गात फिरत कान देते आणि एखादा शब्द ऐकला की चिठ्ठीवर टिपून त्या मुलाच्या समोर ठेवते. "आत्ता तू 'जिभेने दात ढकलत बसलो' म्हणालास, तेच लिही." मुलाला वाटतं लिहिण्याची भाषा वेगळी असते. आपण बोललेलं तसंच लिहिलं तर चालतं हे कळलं की चेहरा बघण्यासारखा होतो. चिठ्ठीमुळे स्मरणशक्तीवरचा भारही उतरतो, हा दुहेरी फायदा.

बोलणं झालं की लगेच लिहायचं. उद्यावर ठेवलं की वाफ जाते.

त्याआधी कधीतरी तुम्ही स्वतः त्यांच्यासमोर फळ्यावर लिहा. घरून तयार करून आणलेला उतारा चालणार नाही. खरंच तिथे उभं राहून, अडखळत लिहा. प्रसंग क्षुल्लक निवडा. मी एकदा किल्ली आत राहून दार ओढलं गेल्याचा प्रसंग लिहिला. पहिलं वाक्य होतं, 'मी खूप घाबरले.' मुलांना विचारलं, यातून तुम्हाला काय दिसलं? एक जण म्हणाला, काहीच नाही. मग मी तिथेच खोडलं आणि लिहिलं: 'किल्ली आत होती आणि मी बाहेर. मी पर्स जिन्यावर उलटी केली. पेन, रुमाल, दोन गोळ्या. पुन्हा सगळं आत भरलं. पुन्हा उलटी केली, जणू दुसऱ्या वेळी किल्ली सापडणार होती.' मुलं हसली. त्या तासाला मी एकही नियम सांगितला नाही. मात्र बाईसुद्धा खोडतात, बाईंचंही पहिलं वाक्य पुचाट असतं, हे त्यांनी पाहिलं. त्यानंतर वह्यांत खाडाखोड वाढली आणि मला हायसं वाटलं. आमच्या वर्गात लिहिताना खोडरबर चालत नाही, एक रेघ मारून पुढे जायचं. खोडलेलं दिसलं पाहिजे. कधीकधी खोडलेलाच शब्द चांगला असतो.

आता ज्या एका प्रश्नावर माझं सगळं शिकवणं उभं आहे त्याबद्दल. तिसरीतल्या एका मुलीने लिहिलं होतं: 'आमच्या घरी बाळ आले. सगळ्यांना खूप आनंद झाला. मलापण खूप आनंद झाला.' तीन वाक्यं, एकही चूक नाही, आणि मुलीचा कुठे पत्ता नाही. पूर्वी मी 'आणखी लिही' असा शेरा मारला असता. त्या दिवशी तिच्याजवळ बसून विचारलं, "बाळाला आणलं तेव्हा तू कुठे उभी होतीस?" ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "दाराच्या मागे." "का गं?" "कोणी बोलावलंच नाही." मी एवढंच म्हटलं, "मग दाराच्या मागून काय काय दिसलं ते लिही," आणि उठून गेले. उठून जाणं महत्त्वाचं. थांबलं की मूल आपल्याला हवं ते लिहितं. अर्ध्या तासाने तिच्या वहीत हे होतं:

'सगळे बाळाकडे बघत होते. मी दारामागे होते. मला फक्त आत्याची पाठ दिसत होती. मी मुद्दाम खोकले. कोणी वळलं नाही. मी परत खोकले. आजोबा म्हणाले तुला सर्दी झाली का, मग बाळाजवळ येऊ नको.'

आनंद झाला असं लिहायचं असतं हे तिला कुणीतरी शिकवलं होतं. बहुधा मीच. खरं काय घडलं ते तिच्याकडे पहिल्यापासून होतं, ते सांगितलं तर चालेल का याची तिला खात्री नव्हती. 'तुला काय वाटलं?' असं विचारलं असतं तर पुन्हा 'आनंद' हेच उत्तर आलं असतं. 'काय वाटलं' हा प्रश्न मुलांना परीक्षेतला वाटतो, त्याचं बरोबर उत्तर ठरलेलं असतं. 'कुठे उभी होतीस', 'हातात काय होतं', 'तेव्हा कोण काय म्हणालं', 'आधी काय ऐकू आलं' या प्रश्नांना पाठ केलेली उत्तरं नसतात. त्यांची उत्तरं शोधायला मुलाला त्या जागी परत जावं लागतं. एका वेळी असा एकच प्रश्न विचारायचा. दोन विचारले की मूल प्रश्नोत्तरं लिहून आणतं, १ आणि २ असे आकडे घालून.

प्रसंग लहान करण्याचा सराव मी वेगळा घेते. फळ्यावर एक वाक्य लिहायचं: 'मी सायकलवरून पडलो.' मग विचारायचं, ब्रेक दाबल्यापासून जमिनीवर येईपर्यंत किती वेळ गेला? एक सेकंद, दोन सेकंद. आता या दोन सेकंदांची सहा वाक्यं करा. मुलं आधी हसतात, मग कामाला लागतात. हँडल कुठे वळलं, काय दिसलं, तोंडातून काय आवाज निघाला, आधी काय टेकलं, चाक फिरत राहिलं का. या सरावात मुलाला एक गोष्ट हाताने कळते: लिहिताना घड्याळ आपल्या ताब्यात असतं. दोन सेकंदांचं पानभर करता येतं आणि सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ 'दुपारी' या एका शब्दात उडवता येतो. 'उठलो, आवरलं, निघालो' हे मग आपोआप गळायला लागतं. उठण्यापासून सुरुवात करणाऱ्या मुलाला मी रागावत नाही. त्याला गोष्ट कुठून सुरू होते ते माहीत नसतं, म्हणून तो दिवस जिथून सुरू होतो तिथून करतो. तो जे लिहून आणतो त्यातलं पहिलं मजेशीर वाक्य शोधायचं आणि त्याच्या वर आडवी रेघ मारायची: "इथून सुरू केलं तर?"

इथे माझी फजितीही सांगते. 'वाटलं' लिहू नका, शरीराला काय झालं ते लिहा, असं मी एका वर्षी मोठ्या उत्साहाने शिकवलं. भिंतीवर तक्ताच लावला: भीती वाटली की छाती धडधडते, घाम फुटतो, हात थरथरतात. पुढचा महिनाभर वर्गातल्या प्रत्येक मुलाची छाती धडधडत होती. पाल दिसली तरी, पेन्सिल हरवली तरी, गणिताचा तास सुरू झाला तरी. 'खूप मजा आली'च्या जागी मी दुसरा साचा दिला होता, थोडा भारदस्त इतकाच. तक्ता काढून टाकला. 'मला राग आला' हे वाक्य वाईट नाही. त्याच्या आधी-नंतर काहीतरी दिसत असेल तर ते अगदी योग्य वाक्य आहे. सुंदर वाक्यांच्या, म्हणींच्या, अलंकारांच्या याद्यांबद्दलही माझं मत असंच आहे. यादी दिली की मुलं अनुभवातून शब्दाकडे येण्याऐवजी शब्दाला अनुभव चिकटवतात.

शेवटाचं तर विचारूच नका. 'यावरून मला असा बोध मिळाला की' हे वाक्य मुलांच्या हाडीमासी भिनलेलं आहे. मी त्याला सरळ बंदी घालते, पण पर्याय देऊन. शेवटी काय दिसत होतं किंवा कोण काय म्हणालं, तिथे थांबायचं. आजोबांच्या सर्दीच्या वाक्यावर त्या मुलीने वही मिटली ती मला त्या वर्षीच्या सगळ्या बोधांपेक्षा जास्त आवडली.

'मग'ची साखळी तुमच्याही वर्गात असेलच. 'मग आम्ही गेलो मग तो आला मग मी म्हणालो.' हे बोलीतून थेट कागदावर आलेलं आहे आणि पहिली-दुसरीत ते चांगलं लक्षण आहे, मूल क्रम सांभाळायला शिकतंय. चौथीत मी एवढंच करायला लावते: सगळ्या 'मग'भोवती गोल काढा, मोठ्याने वाचा, आणि ज्यांच्याशिवाय चालतं ते खोडा. दोन-तीन उरतात. ते राहू द्यायचे.

भाषेचा आणखी एक अडसर आपल्याच मराठीतला. मूल घरी 'केलं, गेलं, सांगितलं' म्हणतं आणि निबंधात 'केले, गेले, सांगितले' लिहितं. ते लिहिता लिहिता त्याचा आवाजही कडक इस्त्रीचा होतो. शाळेच्या लेखनात प्रमाणरूप यायलाच हवं, त्याला माझी ना नाही. पण माणसांच्या तोंडचं बोलणं जसं ऐकलं तसंच लिहू द्या. तिथे बोलीतलं रूप घालायला लेखनाच्या नियमांचीही आडकाठी नाही. घरची बोली वर्गातल्या मराठीहून बरीच वेगळी असलेल्या मुलाला तर यामुळे जीवच येतो. त्याच्या आजीने जे म्हटलं ते त्याने आजीच्या शब्दांत लिहिलं तर त्या एका ओळीत आजी दिसते. ती ओळ 'शुद्ध' केली की आजी बातम्या सांगायला लागते.

चुकांबद्दल. १९६३ साली अमेरिकेत ब्रॅडॉक, लॉइड-जोन्स आणि शोअर यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. केवळ व्याकरणाचे पाठ शिकवल्याने मुलांचं लेखन सुधारत नाही, उलट लिहिण्याचा वेळ त्यात खर्च झाल्यामुळे नुकसान होऊ शकतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. याचा अर्थ शुद्धलेखन सोडून द्यायचं असा मी लावत नाही. मी वेळ बदलते. पहिल्या खर्ड्यावर लाल शाई लावत नाही, त्यावर पेन्सिलीने फक्त एक प्रश्न असतो. मूल पुन्हा लिहितं किंवा मध्ये चार ओळी घालतं. मग जे लेखन इतरांनी वाचायचं आहे, भिंतीवर किंवा वर्गाच्या अंकात जायचं आहे, तेच शुद्ध करायचं. तेही प्रत्येक मुलामागे दोनच गोष्टी धरून: या महिन्यात तुझा 'मी' दीर्घ आणि वाक्याशेवटी पूर्णविराम. पुढच्या महिन्यात दुसऱ्या दोन. १७ लाल गोल बघून मूल एकच गोष्ट शिकतं, पुढच्या वेळी कमी लिहायचं. कमी लिहिलं की चुका कमी.

३८ मुलांशी रोज बोलणं शक्य नाही हे मला ठाऊक आहे. आठ-आठचे गट करा, एका दिवशी एकच गट, प्रत्येकाशी दोन-तीन मिनिटं. बाकीची लिहीत असतात किंवा जोडीदाराला वाचून दाखवत असतात. गोंगाट होतो. तो होऊ द्यायचा, शेजारच्या वर्गातून निरोप येईपर्यंत.

पालकांना पहिल्याच सभेत दोन पानं दाखवा. एकाच मुलाची, नाव झाकून: पहिला खर्डा आणि शेवटची प्रत. 'वही तपासलेली नाही' ही तक्रार मग बरीच कमी होते. आणि कळकळीची विनंती करा की घरी निबंध सांगू नका, लिहून देऊ नका, मुलाला फक्त 'मग काय झालं?' विचारा. काही पालक तरीही लिहून देतात. ते ओळखायला वेळ लागत नाही, आठ वर्षांचं मूल 'अवर्णनीय' असं काही लिहीत नाही.

वाचक खरा असेल तर निम्मी शिकवणूक आपोआप होते. फ्रान्समधला सेलेस्टँ फ्रेने हा शिक्षक पहिल्या महायुद्धात छातीत गोळी लागून परतला होता. त्याला वर्गात फार वेळ बोलताही येत नसे. १९२४ च्या सुमाराला त्याने आपल्या खेड्यातल्या शाळेत एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं आपापले अनुभव लिहायची, वर्ग मिळून त्यातला एक निवडायचा, मुलं स्वतः छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवून तो छापायची आणि दूरच्या शाळेतल्या मुलांना टपालाने पाठवायची. तिकडून त्यांची पानं यायची. ज्याने आपलं गाव पाहिलेलं नाही त्याला कळेल असं लिहायचं म्हटल्यावर तपशील द्यावाच लागतो, 'आमच्या तिथे' म्हणून भागत नाही. एकेक अक्षर हाताने जुळवताना शुद्धलेखनही मुलांना आपलं वाटायला लागतं. आपल्याला यंत्र नको. दुसऱ्या वर्गाशी, दुसऱ्या शाळेशी महिन्यातून एकदा पानांची देवाणघेवाण झाली तरी पुरे. मात्र कुणाचं काय बाहेर जाणार हे ज्याचं त्याने ठरवायचं.

यावरून एक गंभीर मुद्दा. खरं लिहा म्हटलं की मुलं खरं लिहितात. आमच्या वर्गात नियम आहे: पान दुमडलेलं असेल तर ते फक्त बाई वाचतील, मोठ्याने वाचलं जाणार नाही. पण त्याच दिवशी मी हेही सांगते की कोणी तुम्हाला इजा करत असेल, नको तसा हात लावत असेल आणि ते तुम्ही लिहिलंत, तर ते मी माझ्यापाशी ठेवू शकणार नाही. तुम्हाला मदत करू शकतील अशा माणसांना मला सांगावं लागेल. हे आधीच सांगायचं. नंतर सांगितलं तर तो विश्वासघात होतो. असं काही आलं तर त्या क्षणी तुम्ही लेखनाच्या शिक्षिका नसता. प्रश्न विचारून विचारून तपशील काढायचे नाहीत, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, घरी परस्पर विचारणा करायची नाही. 'तू सांगितलंस ते बरं केलंस' एवढं म्हणून त्याच दिवशी शाळेच्या आणि कायद्याने नेमून दिलेल्या वाटेने पुढे कळवायचं. आणि साधं दुःख असेल, कुणी गेलं असेल, घरात भांडणं असतील, तर त्या पानावर 'वर्णन वाढव' असा शेरा मारू नये. मी एकदा मारला होता. आजही आठवतो.

लहान वर्गांचं थोडक्यात. पहिली-दुसरीत आधी चित्र, मग मूल सांगेल ते वाक्य आपण खाली लिहायचं, त्याच्याच शब्दांत. तिसरीत पाच-सहा ओळी पुरेत. सुरुवात कुठून आणि काय गाळायचं या गोष्टी चौथी-पाचवीच्या. परीक्षेसाठीचा निबंध मी शेवटच्या तीन आठवड्यांत वेगळा प्रकार म्हणून शिकवते, पत्रलेखन शिकवावं तसा. मुद्दे, परिच्छेद, वेळ. मुलांना ते पटकन येतं, कारण तोवर त्यांचा हात सुटलेला असतो.

राहिला तुमचा कोरी वही देणारा मुलगा. आधी त्याला अक्षरांचीच अडचण आहे का ते पाहा. ऐकून चार शब्द लिहायला सांगा. तिथेच अडत असेल तर त्याला वेगळी मदत लागेल, आणि अनुभवलेखन तोवर तोंडी चालू शकतं. अक्षरं येत असतील तर त्याच्याजवळ बसा आणि तुम्ही लिहा, त्याला बोलू द्या. माझ्याकडे असा एक मुलगा होता. 'माझ्याकडे काहीच घडत नाही' हे त्याचं ठरलेलं उत्तर. एके सकाळी तो उशिरा आला. मी विचारलं, "आज वाटेत काय झालं?" तो म्हणाला, चपलेचा पट्टा तुटला. मी पेन्सिल घेतली आणि तो सांगेल तसं लिहीत गेले. पट्टा तुटला. चप्पल हातात घेतली असती तर सगळ्यांना दिसलं असतं. म्हणून पायातच ठेवली. मग पाय घासत घासत आलो. मी लिहिलं, 'मग मी हळूहळू चालत शाळेत आलो,' आणि त्याला वाचून दाखवलं.

"हळूहळू नाही," तो म्हणाला. "घासत."

"एकच की रे," मी म्हटलं.

त्याने माझ्या हातातून पेन्सिल घेतली, 'हळूहळू चालत'वर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'घासत घासत'. मग वही स्वतःकडे ओढली आणि पुढची ओळ लिहायला लागला.